तात्यांचं दुसरं दुखणं

माणूस दवाखान्यातून औषधांच्या पिशवीबरोबर किस्सेही घेऊन येतो. औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! कळंबला माझ्या ट्रॅक्टर गॅरेजच्या बाकड्यावर सध्या एकट्या तात्यांचेच चालू आहेत.

*

तात्यांना ॲटॅक आला तो या बाकड्यावरच. घामानं सदरा चिंब, तरी म्हणे, "सलीम, गॅस हाय. सोडा आण." आम्ही सोड्याऐवजी जीप आणली. बारामतीत स्टेंट टाकून झाल्यावर पहिलं वाक्य काय? "सोडा राहिलाच की रं!"

*

दुसऱ्या दिवशी ताप. आमच्या तोंडचं पाणीच पळालं! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "इन्फेक्शन दिसत नाही. हृदयाचा थोडा भाग मेलाय. तो साफ करायला शरीरातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्यात, त्यानं ताप येतो."

तात्यांनी कॉटभोवती जमलेल्या आम्हा सगळ्यांकडं पाहिलं. "आत साफसफाई चाललीय म्हणत्यात. मग ही गर्दी का हाय हितं?"

*

घरी येऊन तीन आठवडे झाले आणि छातीत पुन्हा कळ! आडवं झालं की जास्तच. तात्यांचा हळूच फोन आला, "तुझ्या काकूला न्हाय सांगायचं. पुन्हा हार्ट म्हणलं की ती अन्न सोडंल." तपासणीच्या नावाखाली त्यांना नेलं.

ईसीजी झाला, टूडी इको झाला. मॅडम म्हणाल्या, "ॲटॅक नाही. तुमच्या शरीराची फौज आता हृदयाच्या आवरणावरच उलटलीय. गोळ्यांनी थांबेल. तोवर पुढं वाकून बसलात तर बरं वाटेल."

मी हादरलो. स्वतःचीच फौज? तात्या मात्र सोसायटीच्या निवडणुकीत स्वतःच्याच पॅनेलनं पाडलेले! ते म्हणाले, "म्हंजी आपलीच मानसं व्हय? मग सवय हाय."

*

दोन दिवसांनी सकाळीच तात्यांच्या अंगणातून किंकाळी आली. धावत गेलो. तात्या ट्रॅक्टरवर, छाती स्टेअरिंगवर, हात लोंबकळलेले. मॅडमनी वाकून बसायला सांगितलेलं मला ठाऊक होतं, तरी मी जीप काढायला ओरडलो. काकूंनी "अवं, मला टाकून कुठं गेला!" म्हणत दोन्ही मनगटं मडगार्डवर आपटली. हिरव्या काचा मातीत पडल्या.

तात्यांनी डोकं उचललं. किती दिवसांनी त्यांचा डोळा लागला होता. आजूबाजूची माणसं बघून ते घाबरले.

"कोण गेलं गं?"

"तुमी!"

काकू ट्रॅक्टरच्या पायरीवर चढल्या, चारचौघांत त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याच पाठीवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागल्या. तात्या वाकलेलेच राहिले.