दुसरबीडच्या अलीकडची रिकामी खोली

दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: गाडी घरी ठेवा, सायकल काढा, बुलढाणा जिल्हा सावकाश बघा. दुसरबीडच्या अलीकडे हॉटेल चालवणाऱ्या शांताबाईंच्या पिठलं-भाकरीचं त्यात तोंडभर कौतुक होतं. आता माझे वाचक येतील, असं मी त्यांनाही सांगून आले होते. या जानेवारीत पुन्हा निघाले, कोण कोण जाऊन आलं ते बघायला.

जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे सायकल. सिंदखेडराजाला मुक्काम करा, एका दमात जायचा हट्ट नको. पाणी भरपूर घ्या, कारण मधली हॉटेलं बंद पडलीत. नव्या महामार्गामुळे गाड्या तिकडूनच पळतात. दुतर्फा तुरी सोंगून झालेल्या, हरभरा हिरवागार, पण तासभर माणूस म्हणून दिसला नाही. मागच्या खेपेला मी याला शांतता म्हटलं होतं.

शांताबाईंनी मला लगेच ओळखलं आणि माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"बाकीचे मागून येऊन राह्यले का, ताई?"

एकटीच आलेय म्हटलं. त्या मला हॉटेलामागे घेऊन गेल्या. तिथे नवी खोली होती, म्हैस विकून बांधलेली. दोन खाटा, धुतलेल्या चादरी, खिळ्याला सायकलीत हवा भरायचा पंप, अजून प्लास्टिकमध्येच. कोणी आलं का, हे विचारायची मला हिंमत होईना. त्यांनीच सांगितलं, एक जण आला होता, मोटारीनं, फोटो काढून गेला.

ऐंशी रुपयांत अजूनही पोटभर ताट मिळतं. जेवताना कळलं, मुलगा त्यांना संभाजीनगरला बोलावतोय, धंदा नाही तर एकटी राहू नकोस म्हणतोय.

"मी त्याले म्हटलं, पाव्हणे आले अन् कुलूप दिसलं तर? येतील ना, ताई?"

खरं बोलायची वेळ तीच होती. मी भाकरी मोडत म्हणाले, येतील, हळूहळू.

घरी येऊन जुना लेख उघडला. खाली नुसता कौतुकाचा पाऊस: किती सुंदर, जायलाच हवं, यादीत टाकलं. वाचकांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. काल त्यांच्या मुलाचा फोन आला. आई ऐकत नाही, तुम्हीच समजवा म्हणाला. मग मी शांताबाईंना फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, की कोणी येणार नाही, तुम्ही मुलाकडे जा.

पलीकडून त्यांनी एवढंच विचारलं:

"मंग दोन वर्सं मले काऊन बसवून ठेवलं, ताई?"