मुनीरभाईंचं मीठ

"सावली!"

मुनीरभाईंच्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत या एका शब्दाने व्हायचं. या, बसा, चहा घ्या, हे सगळं नंतर. आधी "सावली!" आणि पाठोपाठ हाताने भिंतीकडे खूण. मग येणारा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला असो की लग्नाची पत्रिका, त्याने खिडकीची बाजू सोडून भिंतीला पाठ घासत सोफ्यापर्यंत यायचं. कारण खिडकीशी काचेची चार फुटी टाकी होती, टाकीत समुद्र होता आणि समुद्रात साहेब होते. साहेबांवर कुणाची सावली पडलेली मुनीरभाईंना खपत नसे.

साहेब म्हणजे एक शिंपला. खडकाला घट्ट चिकटून बसलेला, माझ्या तळहाताएवढा. सकाळी दहाला टाकीवरचा दिवा लागला की तो उघडायचा आणि दोन शिंपांच्या मधून निळ्याहिरव्या मखमलीसारखं मांस बाहेर पसरायचं. संध्याकाळी दिवा मालवला की हळूहळू आत. "दहा ते सहा, साहेबांची ड्यूटी," मुनीरभाई म्हणायचे. "तीस साल चिकलठाण्याच्या कंपनीत साहेब लोकांची मर्जी सांभाळली ताई. त्यातला एक बी असा टायमावर आला नाय."

गेल्या महिन्यापर्यंत मला कुणी मुनीरभाईंवर लिहायला सांगितलं असतं, तर मी सगळंच असं हसत हसत लिहिलं असतं. आता ते जमत नाही. काय कळलं ते कळून तीन आठवडे झाले तरी मी सुन्न आहे. शाळेत, भाजीवाल्यापाशी, बोलत असते आणि मध्येच थांबते. तरी क्रमाने सांगते.

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत आम्ही राहायला गेलो तेव्हा नळाला कितव्या दिवशी पाणी येतं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी घरात थेंब उरला नाही, तेव्हा बादली घेऊन मी समोरच्या घरी गेले. "सावली!" ऐकून दचकले, भिंतीला चिकटले आणि तिथून पाहिलं तो समोर समुद्र. पोवळ्यांचे डोलणारे झुपके, नारिंगी मासे आणि मधोमध तो निळा शिंपला. माझ्या तोंडून निघालं, "गावाला प्यायला पाणी नाही आणि तुमच्याकडे समुद्र?"

"ह्ये पाणी प्यायचं नाय ताई, उलटी व्हईल," असं म्हणून त्यांनी माझी बादली घेतली आणि स्वतःच्या पिंपातून भरून आणून दिली. मग दुसरीही भरली.

"हा खातो काय?" मी विचारलं.

"ऊन."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण खरंच तसं होतं. शिंपल्याच्या मांसात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि शिंपला त्यावर जगतो. सावली पडली की कुणी खायला आलं असं वाटून तो झटकन मिटतो. "दहा वेळा मिटला की दहा वेळा उपाशी. म्हणून वरडतो मी. तुमच्यावर राग नाय, हौ का."

मुनीरभाई फिटर होते. त्यांचे वडील कल्हईवाले. भाता खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे आणि लोकांची तांब्यापितळेची भांडी आतून पांढरीशुभ्र करून द्यायचे. बापाची हत्यारं मुनीरभाईंनी माळ्यावर जपून ठेवली होती. बायको वारलेली, एकुलती मुलगी नाझिया परभणीला दिलेली. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर पाहून पाहून ते हा समुद्र करायला शिकले. साहेब समुद्रातून ओरबाडून आणलेला नाही, परदेशात पैदास केलेला आहे, हे ते न विचारता सांगत आणि कागदांची फाइल काढून दाखवत. रुपयाच्या नाण्याएवढा आलेला तो सात वर्षांत तळहाताएवढा झाला होता. "ह्याला शंभर साल बी काय नाय ताई. माझ्यामागं नाझियाच्या लेकरानं सांभाळायचा ह्याला." जमीनजुमल्याबद्दल बोलावं तसं ते बोलत.

"पाणी उडतं, मीठ ऱ्हातं," हे त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात भराभर आटतं, मीठ मात्र आत राहतं आणि पाणी खारट होत जातं. म्हणून काचेवर लाल पट्टी चिकटवलेली होती. रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं. तेही नळाचं नव्हे, मशीनमधून गाळून कॅनमध्ये साठवलेलं.

नाझियाचे दिवस भरत आले. आई नसल्यामुळे बाळंतपण सासरीच ठरलं होतं, पण मुनीरभाईंचा जीव राहीना. त्यांनी मुकुंदवाडी स्टेशनवरून परभणीची गाडी धरली आणि जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. सोबत दोन कागदभर सूचना. औषध टाकू नका, साबणाचा हात घालू नका, उदबत्ती लावू नका, शिंपला उपटू नका, पाणी रेघेपर्यंत. मी मास्तरीण, सूचना पाळण्यात माझा हात कोण धरणार! एकही चुकवली नाही.

फक्त तिसऱ्या दिवशी मला त्या कॅनचं झाकण उघडल्यावर प्लास्टिकचा वास आला. डब्यात कोंडलेलं पाणी इतक्या नाजूक जिवाला कसं घालायचं? आमच्या घरात सासूबाईंच्या काळापासून पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात. मी तो हंडा चिंच-मीठ लावून आरशासारखा घासला आणि त्यांच्या टाकीशेजारी नेऊन ठेवला. संध्याकाळी कॅनमधलं पाणी त्यात ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी टाकीत घालायचं. देवाला घालते तितक्या मनोभावे घातलं.

नवव्या दिवशी गोगलगायी काच सोडून खाली पडल्या. साहेब उघडले, पण अर्धेच. मी घाबरून फोन केला. नाझियाला आदल्याच दिवशी मुलगी झाली होती. मुनीरभाईंनी एकेक विचारलं. पंप चालू आहे ना? दिवा? पाणी रेघेवर? "कॅनमधलंच पाणी घालताय ना, ताई?"

"तुमच्याच कॅनमधलं," मी म्हणाले. खोटं बोलले नाही मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीसमोर गेले. शिंपा आ वासल्यासारख्या उघड्या होत्या आणि आतली मखमल आक्रसून एका बाजूला पडली होती. मी मुद्दाम खिडकीत जाऊन उभी राहिले. माझी सावली सरळ साहेबांवर पडली. ते मिटले नाहीत. मी हात हलवला, आणखी पुढे झुकले. काही नाही. वर्षानुवर्षं जी सावली चुकवत मी भिंतीला घासत आले, ती त्यांच्या अंगावर तशीच पडून राहिली. मी तिथेच जमिनीवर बसले.

मुनीरभाई दुपारी आले. नातीच्या जन्माचे पेढे हातात. त्यांनी टाकीकडे पाहिलं आणि पेढ्यांचा डबा सोफ्यावर ठेवला. काचेच्या बारीक नळीत टाकीचं पाणी घेतलं, छोट्या बाटल्यांतले थेंब टाकले, खिडकीशी धरून पाहत राहिले. नळीतल्या पाण्याला रंग चढला. मग त्यांनी खाली ठेवलेल्या हंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"त्यात रात्रभर पाणी ठेवून घालत होते," मी रडत रडत म्हणाले. "शुद्ध राहतं म्हणून."

"लई जपलं तुम्ही, ताई," ते म्हणाले. नळी धुऊन ठेवली. पाठमोरे असतानाच म्हणाले, "मीठ. जायच्या आधी दुसऱ्या दुकानाचं मीठ वापरलं मी. त्येच बाधलं. माझीच अक्कल गेली होती."

आणि मी, मी काय केलं? सुटकेचा श्वास टाकला. वर त्यांना झापलं! सात वर्षं एक मीठ चालतंय तर बदलायचं कशाला, असं चांगलं लांबलचक सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

नंतर तो माझा नेहमीचा विषय झाला. कुणीही टाकी पाहायला आलं की मी सांगायची, "यांनी मीठ बदललं आणि सोन्यासारखा शिंपला घालवला." मुनीरभाई हसून म्हणायचे, "व्हय, ताई बराबर सांगतात." सहा वर्षं मी हे सांगितलं.

साहेब गेल्यावर महिन्याभराने मुनीरभाई माझ्याकडे आले आणि हंडा मागितला. माळ्यावरून बापाचा भाता काढला होता. "कलई करून देतो."

"आम्ही मुद्दाम तांब्यातलं पितो. कल्हई कशाला?"

"करू द्या, ताई. हात विसरून जाईल नायतर. बापाच्या जिवाला बरं वाटंल."

बापाचं नाव काढल्यावर मी काय बोलणार! त्यांनी अंगणात हंडा तापवला, नवसागराचा धूर झाला, कथील फिरवून कापसाने असं पुसलं की आतून हंडा चंद्रासारखा. पुढे त्यांनी दुसरा शिंपला आणला, लहानसा. त्यालाही साहेबच म्हणायचे. आणि दर वर्षी नातीच्या वाढदिवसाला परभणीला जाण्याआधी हंड्याला नवी कल्हई करायचे, मग किल्ली माझ्याच हातात द्यायचे. म्हाताऱ्याचा छंद, असं मी म्हणायची. दुसरा साहेब माझ्या हंड्यातलं पाणी घेऊन मजेत वाढला.

दोन महिन्यांपूर्वी दुपारी जेवून आडवे झालेले मुनीरभाई उठले नाहीत. नाझिया घर आवरायला आली तेव्हा मी तिला चहाला बोलावलं. ओट्यावरच्या हंड्यात डोकावून ती म्हणाली, "अब्बांची कलई अजून चांगली हाय की, मावशी. आता दुसरा कल्हईवाला बघा पण. नायतर पहिल्या साहेबासारखं ह्याचं बी व्हईल."

"म्हणजे?"

"तांबं उतरतं ना पाण्यात. माणसाला येवढं काय व्हत नाय, पण शिंपल्याला थोडंसं बी जहर..." माझा चेहरा पाहून ती थांबली. तोंडावर हात ठेवला. "मावशी, तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

मग तिनेच सांगितलं. त्या दिवशी त्या नळीतच अब्बांना तांबं दिसलं होतं. कल्हईवाल्याच्या पोराला तशीही नळी लागली नसती. फोनवर तिला म्हणाले होते, "ताईनं देवासारखं पाणी घातलं, बेटा. कुठल्या तोंडानं सांगू?" ती चिडली होती, निदान पुन्हा किल्ली देऊ नका म्हणाली होती. त्यावर म्हणाले, "किल्ली काढून घेतली तर समजंल ना तिला. हंड्यालाच कलई करतो."

टाकी आता माझ्या खोलीत आहे. मुनीरभाई तसं सांगून ठेवून गेले होते. नात मोठी होईपर्यंत साहेब ताईंकडे.

चार-पाच घरं झाली आहेत माझी. ज्यांना ज्यांना मी ती गोष्ट सांगितली होती, त्यांच्याकडे जाऊन सांगते आहे. जे गल्ली सोडून गेले, ज्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिलं. साहेबांना मी मारलं. मीठ चांगलं होतं.