नेदाची नजर

दोल्नी ओरेश गावात वेलिकाची ओळख सांगायची तर आधी तिच्या कोंबड्यांची सांगावी लागते. काळ्याभोर, उन्हात हिरवट झाक मारणाऱ्या, अस्सल शुमेन जातीच्या. नवरा गेला, मुलगी स्पेनमध्ये टोमॅटो खुडायला गेली ती तिकडचीच झाली, पण कोंबड्या राहिल्या. सकाळी बाई आधी खुराडं उघडणार आणि मग स्वतःच्या तोंडावर पाणी मारणार. आवाज असा खणखणीत, की तिनं कोंबड्यांना हाक मारली की खालच्या आळीतली कुत्री उठायची. मनानं वाईट नव्हती हो. पण जिभेला हाड नसणं म्हणजे काय, ते तिच्या शेजारी राहून कळायचं.

शेजारी राहायची नेदा. दोघी एका वयाच्या, एका शाळेच्या, दोघींच्या परसांमध्ये एकच लाकडी कुंपण, आणि त्याची एक फळी मुद्दाम काढून ठेवलेली. त्या फटीतून चाळणी जायची, खमीर जायचं, गरम बानित्साची, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्याच्या पोळीची, ताटली जायची, आणि गप्पा तर दिवसभर. नेदाचं लग्न झालं नाही. पोराबाळांचं मात्र वेड. गावात कुणाचं मूल जन्मलं की पहिली ही पोचणार, मांडीवर घेणार, आणि त्या फिकट निळ्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत बसणार, जणू आता ते काहीतरी महत्त्वाचं बोलणार आहे.

तंबाखूची पानं ओवायच्या दिवसांत, दोघी परकरी पोरी असताना, नेदानं वेलिकाला एक गोष्ट सांगितली होती. तिच्या आईनं तिचं दूध तोडलं, पण रडणं ऐकवेना म्हणून पुन्हा अंगाशी लावलं. दूध तोडून परत पाजलेल्या पोराची नजर बाधते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. "कुणाला बोलू नकोस गं," नेदा म्हणाली होती. वेलिकानं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि म्हातारपणापर्यंत पाळली. तिच्यासारखीला हे सोपं नव्हतं.

मागच्या वसंतात वेलिकाच्या पिल्लांत पहिल्यांदा खोट आली. खोक्यात तिनं वर्तमानपत्र अंथरलं होतं. स्वच्छ राहतं, घडी करून फेकून देता येतं. नेदा फटीतून आली, खोक्यावर वाकली आणि म्हणाली, "काय गं बाई, मखमलीचे गोळेच!" दृष्ट लागू नये म्हणून थू थू करतात, ते करायला विसरली. दुसऱ्या दिवशी काही पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकले, आणि ती पोटावर पडून नुसती वल्ही मारायला लागली. जगली नाहीत. वेलिका बोलली काहीच नाही. पण मनात किडा शिरला तो शिरलाच.

म्हणून यंदा तिनं फार शहाणपणा केला. पिल्लं थेट तळघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. खिडकीवर गोणपाट ठोकलं. वर उजेडाला एक दिवा, शेकायला विजेवर तापणारा एक डबा. खायला घरच्या मक्याची भरड, फक्त भरड, कारण बाजारचं पिल्लांचं खाद्य आणायला गेलं की दहा जण विचारणार, किती निघाली गं, कशी आहेत गं. आणि प्रत्येक पिल्लाच्या पायाला लाल लोकरीचा दोरा बांधला. एवढ्यावर कुणाची दृष्ट लागायची काय टाप!

नेदालाही सांगितलं नाही. पण नेदा चाळणी परत द्यायला आली, चिवचिव ऐकली आणि तळघराचं दार ढकललं. "अगं, एवढी मोठी झाली? आणि मला पत्ता नाही! लबाड कुठली!" हसत हसत गेली बिचारी.

त्यानंतर आठवडाभरात पिल्लं बसायला लागली. उभी राहायची, दोन पावलं डुलत टाकायची आणि ढोपरांवर बसायची. मग तर खाण्यापर्यंतही सरकत जायला लागली. वेलिकानं पाण्याच्या वाडग्यात निखारे टाकले, एकेक नाव घेऊन; ज्याच्या नावाचा बुडेल, त्याची नजर लागली म्हणायचं. निखारा कधी तरंगतो, कधी बुडतो, त्यात काय एवढं? पण नेदाच्या नावाचा बुडाला. वेलिका रात्रभर तळमळली, आणि सकाळी पावाच्या गाडीपाशी गेली ती भरलेल्या बंदुकीसारखीच.

तिथं सगळा गाव गोळा झालेला. रालित्सा आपल्या तान्ह्याला बाबागाडीत घेऊन उभी, आणि नेदा त्या गाडीवर वाकून बाळाशी बोबडं बोलत होती.

"हो बाजूला त्याच्यापासून!" वेलिका ओरडली. "माझी पिल्लं खाल्लीस तेवढी बास!"

नेदाला वाटलं चेष्टा चाललीय. "काय गं झालं तुला? झोपेतून उठलीस का नीट?"

"मला काय झालं? माझ्या पिल्लांचे पाय गेले, सगळ्यांचे! मागच्या वर्षीही तूच बघितलीस, यंदाही तूच. दोनदा अंगावर प्यालेली आहेस तू! तूच सांगितलं होतंस मला, नाही म्हण बघू!"

नेदा नाही म्हणाली नाही. खोटं बोलायची सवय नव्हती तिला. तिनं फक्त वेलिकाकडं बघितलं, मग एकदम खाली बघितलं, आणि पाव न घेताच घरी गेली. रालित्सानं बाळाच्या तोंडावर पटकन दुपटं ओढलं. वेलिकानं दोन पाव घेतले आणि ताठ मानेनं परत आली. त्या दिवशी तिला जेवणही गेलं. हे तिला पुढं सगळ्यात जास्त बोचलं, की त्या दिवशी तिला चक्क भूक लागली होती.

संध्याकाळी कुंपणापलीकडून हातोडीचा आवाज आला. नेदानं फट बंद केली.

गावाचं तोंड कोण धरणार? रालित्साच्या बाळाला लाल दोरा आला, मग शेजारच्याला, मग सगळ्यांनाच. ईस्टरला घरोघरची गोड भाकरी नेदाच मळायची. यंदा कुणी बोलावलं नाही. नेदा रुमाल पुढं ओढून चालायला लागली, कडेकडेनं, जमिनीकडं बघत. समोरून मूल आलं की भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. वेलिका हे खिडकीतून बघायची आणि स्वतःला समजवायची, बरंच झालं, बाकीच्यांची तरी पिल्लं वाचली.

मग शेळ्यांच्या कानांत बिल्ले मारायला जनावरांची डॉक्टरीण आली. पेत्कानोवा नाव तिचं. दणकट बाई, पायात रबरी बूट, बोलण्याला तेल-मीठ काही नाही. वेलिकाच्या शेळीचं काम झालं, हात धुतले आणि ती थबकली.

"तळघरात कोण चिवचिवतंय?"

"काही नाही हो. थोडी पिल्लं आहेत. आजारी आहेत."

"मग मला दाखवायची सोडून लोणच्यात घालताय का?"

ती खाली उतरली आणि आधी खिडकीचं गोणपाटच फाडून काढलं. एक पिल्लू उचललं, परसात उन्हात आणलं, चोचीवर बोट ठेवून हलकेच दाबलं. चोच वाकली. रबरासारखी वाकली, आणि बोट काढल्यावर हळूहळू सरळ झाली.

"बघितलंत, मावशी? ही हाडं आहेत का? हे तर उकडलेलं गाजर. खायला काय घालता?"

"मक्याची भरड. घरचा मका आहे, चांगला."

"नुसती? आणि ऊन?"

वेलिका शेळीचं दावं चाचपायला लागली.

"मावशी, ऊन कधी दाखवलं यांना?"

"नाही दाखवलं," वेलिका म्हणाली. "दृष्ट लागू नये म्हणून."

डॉक्टरीण हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. "सगळ्यांची नजर चुकवलीत, आणि सूर्याचीही चुकवलीत. उन्हाशिवाय हाडं धरत नाहीत यांची. मुडदूस म्हणतात याला. वर एवढ्याशा पायांना फास! पाय वाढतो, दोरा वाढतो का?" तिनं खिशातली कात्री काढली आणि बसल्या जागी एकेक लाल दोरा कापायला सुरुवात केली. एका पिल्लाच्या पायात दोरा मांसात रुतला होता. तो तिनं नखानं काढला. पिल्लू ओरडलं, तेव्हा वेलिकानं तोंड फिरवलं.

"मला वाटलं, ती दुसरी साथ असेल," वेलिका कशीबशी बोलली. "खालच्या आळीत आली होती, लुळेपणाची."

"ती निराळी. तिच्यात एक पाय पुढं, एक मागं ताणून पडतात, मोठ्या होत आलेल्या तलंगा. ती लागली की बरी होत नाही. तिची लस पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच द्यायची असते, आणि लहानांना मोठ्या कोंबड्यांच्या जुन्या घाणीत सोडायचं नसतं. ही तसली नाहीत. यांतली बरीचशी उभी राहतील. पिल्लांचं तयार खाद्य आणा, माशाचं तेल आणा, त्यात किती घालायचं ते मी सांगते. हवा चांगली असली की रोज उन्हात."

मग वेलिकानं विचारलं. विचारायला नको होतं, पण किडा तिला गप्प बसू देईना. "आणि मागच्या वर्षी? पाय असे बाजूला फाकले होते."

"खाली काय होतं?"

"वर्तमानपत्र."

"गुळगुळीत कागदावर तुम्ही तरी उभ्या राहाल का? भुसा टाका, काड टाका, पायाला पकड मिळू दे. तुम्ही तर जन्मभर कोंबड्या पाळल्यात, मावशी. तुमच्या परसात हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

एवढा वेळ कुंपणापलीकडून कुदळीचा आवाज येत होता. नेदा घेवड्याला माती लावत होती. तो आवाज केव्हाच थांबला होता, आणि ते वेलिकाला आत्ता कळलं. ती वाट बघत राहिली. नेदा काहीतरी बोलेल, शिव्या घालेल, निदान खाकरेल. थोड्या वेळानं कुदळ पुन्हा सुरू झाली, पहिल्यासारखीच.

वेलिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोरानंच फाशी दिली होती, आणि वर दोन पाव घेऊन जेवायला बसला होता. त्या दिवसांत तिला आरशात बघवेना. पिल्लं उन्हात सोडायची, खाद्यात तेल घालायची, आणि एखादं नीट चालायला लागलं की आनंद होण्याऐवजी घरात निघून जायची. प्रत्येक बरं झालेलं पिल्लू तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

शेवटी ती पावाच्या गाडीपाशी गेली. तिथंच बोलली होती, तिथंच फेडायचं.

"ऐका गं सगळ्या," ती म्हणाली, आणि तो खणखणीत आवाज पार घोगरा निघाला. "नेदाचा काही दोष नाही. पिल्लांना मी अंधारात कोंडलं. मी नुसत्या भरडीवर ठेवलं. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. थुंका माझ्यावर."

कुणी थुंकलं नाही. उलट रालित्सानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं मन मोठं, वेलिकामावशी. शेजारीण आहे, सांभाळून घ्यावंच लागतं."

"सांभाळून नाही गं! खरं सांगतेय! डॉक्टरणीला विचार!"

"बरं बरं. पण दोनदा प्यालेली आहे, हे तर खरं ना? ती पण नाही म्हणाली नाही." आणि बाळाच्या मनगटावरचा लाल दोरा तिनं जरा नीट केला. "असू दे. दोऱ्यानं काही बिघडत नाही."

ते खरंच होतं. तेवढं एकच खरं होतं, आणि तेच वेलिकानं चव्हाट्यावर आणलं होतं. पिल्लांची हाडं तेलानं धरली, या बोलून गेलेल्या गोष्टीला औषध कुठून आणायचं?

त्याच दुपारी तिनं पकड घेतली आणि कुंपणाच्या फळीचे खिळे स्वतःच्या हातानं उपसले. पलीकडं नेदा पायरीवर शेंगा सोलत बसली होती. वेलिका फटीतून गेली नाही. या बाजूलाच उभी राहिली, ओच्यात एक पिल्लू धरून. तेच, दोरा रुतलेलं. आता धावायचं, थोडंसं लंगडत.

"नेदा. मी माफी मागायला आले, पण मागायला तोंड नाही. तू मला हाकलून दे हवं तर."

नेदा शेंगा सोलत राहिली. मग उठली, फटीपाशी आली. रुमाल भुवयांखाली ओढलेला. "ऐकलं होतं मी त्या दिवशी," ती म्हणाली. "उभी राहिली का सगळी?"

"बहुतेक राहिली. हे बघ ना. बघ तरी कसं झालंय."

नेदानं दोन्ही हात पुढं केले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवावं लागलं. तिनं ते चाचपलं, आधी पाय, मग ढोपर, मग बोटानं चोच दाबून बघितली.

"टणक आहे गं," ती म्हणाली, आणि जरा हसली.

"डोळे उघड, नेदा. तुझ्या पाया पडते, उघड डोळे."

"नको." तिनं चाचपडत पिल्लू परत वेलिकाच्या ओच्यात ठेवलं. "उद्या एखादं मेलं तर?"

वेलिका पिल्लू घेऊन तिथंच उभी राहिली. नेदा वळली, पायरीशी पोचली, आणि मग डोळे उघडून शेंगांची परडी उचलून आत गेली.