आक्कांनी न होऊ दिलेली पिल्लं

आक्कांचा पहिला शब्द नेहमी 'न्हाई' असायचा. चहा घेणार का विचारलं तरी न्हाई, आज पाऊस येईल का विचारलं तरी न्हाई, आणि मोशीतल्या त्यांच्या चार मजली इमारतीत खोली मिळेल का, असं मी विचारलं तेव्हाही न्हाईच. मी बॅग उचलून निघालो, तशा मागून म्हणाल्या, "आरं, गरजू मानूस दुसऱ्यांदा इचारतो. कुठला तू?" मी लातूरचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, शिफ्टची नोकरी. "मंग ऱ्हा दुसऱ्या मजल्यावर. मटन शिजवलंस की वास खाली येतो. वास आला की वाटी बी आली पायजे." तेव्हापासून मी त्यांचा भाडेकरू झालो आणि त्यांच्या तोंडी 'इंजनेर'.

इमारत उभी होती तिथे पूर्वी त्यांचा कांदा व्हायचा. आक्कांना त्या शेताचं दुःख नव्हतं. "निंदून निंदून कंबर माझी गेली, आन् रडायचं म्या?" त्यांची जीभ देवालाही सोडत नसे. रोज सकाळी नवऱ्याच्या फोटोला हार घालताना त्या म्हणत, "आता कसा गप ऐकून घेतोय." मग त्याच हाताने गणपतीला फूल वाहत आणि त्यालाही दोन शब्द सुनावत.

कुत्री आणली ती त्यांच्या मुलाने, संदीपने. संदीपच्या दोन्ही मनगटांत सोनं होतं आणि गळ्यात त्याहून जास्त. काळं लॅब्रेडॉर पिल्लू घेऊन त्याने गाडीच्या बॉनेटवर फोटो काढले, नाव ठेवलं डायना, आणि महिन्याभरात तो तिला विसरला. आक्कांनी तिचं नाव ठमी केलं. पाहुण्यांसमोर संदीप ऐटीत 'डायना, कम' म्हणायचा तेव्हा ती भिंतीकडे बघत बसायची. आतून आक्कांनी नुसतं "ठमे" म्हटलं की फरशीवरून घसरत धावायची.

ठमी दोन वर्षांची झाली आणि गल्लीभर तिचीच चर्चा सुरू झाली. ती माजावर आली की गेटबाहेर भटक्या कुत्र्यांची सभा भरे. आक्का पाइप घेऊन त्यांच्यावर पाणी सोडत आणि म्हणत, "घरी जावा, तुमच्या आया वाट बघत्यात." माणसांना पाइपने हाकलता येत नव्हतं. दूधवाला, शेजारचे अण्णा, संदीपचे मित्र, जो येई तो सांगे, हिला एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर पोटात रोग होतो. निगडी प्राधिकरणात संदीपचा एक जिमवाला मित्र होता, त्याच्याकडे नर होता. संदीपने एक पिल्लू नगरसेवकांना कबूल केलं, एक चाकणच्या मेहुण्याला, बाकीची कुणाकुणाला. पिल्लं अजून पोटातही नव्हती, पण वाटून झाली होती.

आक्का विरोधात होत्या असं कुणी समजू नये. त्यांना पिल्लं हवी होती, कदाचित सगळ्यांपेक्षा जास्त. "घरात बारकं काय न्हाई रं," त्या मला म्हणाल्या. "नातवंडं हायेत, पर ती मोबाइलात ऱ्हात्यात." जुनी मऊ लुगडी फाडून, धुऊन त्यांनी अंथरुणं तयारही करून ठेवली होती. पण ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या खाली संदीपच्या गाडीपाशी किल्ली घेऊन उभ्या होत्या, ठमी मागच्या सीटवर. "इंजनेरा, डाक्टरकडं चल."

निगडीच्या डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. आक्कांनी थेट विचारलं, "एकदा व्याली न्हाई तर रोग हुतो, ह्ये खरं का?"

"नाही आजी. गर्भाशयाचा आजार होऊ शकतो, पण पिल्लं झाल्याने तो टळत नाही. ऑपरेशनने टळतो. व्यायलाच पाहिजे असं काही नसतं."

आक्कांनी ठमीचा पट्टा हाताला गुंडाळला. मग म्हणाल्या, "मला ह्ये सांगनारे समदे बाप्येच कसं व्हते?"

डॉक्टर हसल्या, मी कॅलेंडर वाचू लागलो. पिल्लं घ्यायचीच असतील तर आधी काय बघायचं, तेही त्यांनी सांगितलं. नर आणि मादी दोघांच्या खुब्याचे एक्सरे काढायचे, कारण या जातीत खुब्याचा दोष पिल्लांत उतरतो. आणि आठ-दहा पिल्लं झाली तर प्रत्येकाला चांगलं घर मिळेल याची आधी खात्री करायची. एक्सरेसाठी ठमीला भूल द्यावी लागणार होती, म्हणून पुढच्या आठवड्यात बोलावलं. बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, "घरं तर आजच बघू."

आधी नराकडे गेलो. जिमवाल्याने आपला कुत्रा मिरवत आणला. आक्कांनी त्याच्या छातीकडे पाहिलंही नाही. "ह्याच्या खुब्याचा फोटू काढलाय का?" जिमवाला म्हणाला, "आजी, याची बॉडी बघा ना." आक्का म्हणाल्या, "बाडी तर तुझी बी हाय. म्या खुबा इचारला." एक्सरे काढलेला नव्हता.

नगरसेवकांच्या बंगल्यावर आम्हाला चहा मिळाला. वरून कुत्र्याचं कण्हणं ऐकून आक्का चहा सोडून गच्चीवर गेल्या. तिथे आधीचा एक कुत्रा हातभर साखळीला बांधलेला होता, पाण्याचं भांडं उलटं पडलेलं. त्यांनी ते सरळ करून भरलं, खाली आल्या आणि नगरसेवकांना म्हणाल्या, "सायेब, वरच्याला पानी ठिवलंय. आमच्या ठमीचं पिल्लू इसरा." मी चहा अर्धाच टाकून उठलो. चाकणला मेहुण्याला पिल्लू गोडाऊनच्या राखणीला हवं होतं. रात्री तिथे कोण असतं, असं आक्कांनी विचारलं. कोणीच नाही, म्हणून तर कुत्रं पाहिजे, असं उत्तर आलं. परतीच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो, आणि आक्का मागे वळून ठमीकडे बघत बसल्या.

पुढच्या आठवड्यात एक्सरे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून दाखवला. ठमीचे दोन्ही खुबे सैल होते. आज ती पळत होती, पण म्हातारपणी त्रास होणार होता, आणि पिल्लांतही हा दोष उतरण्याची भीती होती. "माझ्या मते पिल्लं घेऊ नका. पण निर्णय तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. आक्कांनी ठमीचं गुंगीतलं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानामागे खाजवत राहिल्या. "आपरेशनची तारीख द्या," एवढंच बोलल्या.

संध्याकाळी अंगणात संदीप भडकला. त्याची चूक एवढीच, की मित्रांसमोर भडकला. "आई, मी शब्द दिलाय लोकांना. माझी काय इज्जत राहील? आणि तिला काय कळतंय? एकदा व्याली तर काय बिघडतंय?"

आक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "संद्या, मला पाच झाली. चार पोरी, मंग तू. धाकटीच्या वक्ताला म्या मरता मरता वाचले, डाक्टर म्हनला आता बास. तरी तू झालास. एकदा तरी मला कुनी इचारलं व्हतं का? तुज्या बापानं बी लोकास्नी शबुद दिला व्हता, पोरगा हुईल म्हनून."

मित्र चपला शोधू लागले. आक्कांनी सोललेला लसूण वाटीत टाकला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "तू झालास त्ये बरंच झालं. पर इचारायला पायजे व्हतं."

ऑपरेशन झालं. ठमी आठवडाभर गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घालून दारांना धडकत फिरली, आणि आक्का दर वेळी दाराला शिव्या देत होत्या. मऊ लुगड्यांची अंथरुणं काही दिवसांनी मला जिन्यात फरशी पुसायला वापरलेली दिसली.

पुढे माझं लग्न झालं, मी निगडीला राहायला गेलो. आक्का गेल्या त्या सकाळी मी पहिल्या शिफ्टला होतो. पिंपरीच्या रुग्णालयातून त्यांना घरी आणलं होतं, आणि स्वतःच्या कॉटवर त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा इमारतीतले सगळे भाडेकरू गेटवर उभे होते, आणि कॉटखालून ठमीला बाहेर काढणं कुणाला जमत नव्हतं.

परवा मोशीला गेलो होतो. ठमीचं तोंड पांढरं झालंय, मागचे पाय डॉक्टरांनी सांगितलं होतं तसेच गेलेत. संदीप तिच्या पोटाखालून टॉवेल घालून, दोन्ही टोकं वर धरून, तिला गल्लीत फिरवत होता. सोन्याची कडी टॉवेलवर घासत होती, कपाळावर घाम होता. शेजारचे अण्णा ओट्यावरून म्हणाले, "संदीपशेठ, तेव्हा पिल्लं घेतली असती तर आज घरात तरणं कुत्रं असतं."

संदीप थांबला नाही. "अण्णा, मग त्यांची बी ढुंगणं मीच उचलत बसलो असतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे टॉवेलचं एक टोक दिलं. "धर जरा. कोपऱ्यापर्यंत जायचं असतं तिला."

आम्ही दोघं वाकून चाललो. ठमीला घाई नव्हती. तिने वाटेतला प्रत्येक खांब हुंगला.