मापापुरते दागिने

कालिंदीबाई खांबेट्यांचा एक नियम कलकत्त्यातल्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक होता. हलव्याचे दागिने त्या हौसेने करून देत, पण संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीच्या संध्याकाळी. त्याआधी कोणी गेले तर चहा मिळे, दागिने मिळत नसत.

"आधी दिले की आधी घातले जातात," असे त्या म्हणत. "आणि संक्रांतीआधीचं बोरन्हाण म्हणजे लग्नाआधीचं बारसं."

हा नियम सरलाला चांगलाच लागला होता. सरला बँकेतल्या एका अधिकाऱ्याची बायको, बदलीने कलकत्त्याला आलेली. तिच्या मुलाचे पहिले बोरन्हाण नागपूरला सासरी व्हायचे होते, म्हणून ती जानेवारीच्या सुरुवातीलाच दागिने मागायला आली आणि चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेली. तेव्हापासून ती भेटली की विचारायची, "काकू, तुमच्याकडे नुसत्या चहाला आलं तर चालतं ना? की त्यालाही मुहूर्त लागतो?"

कालिंदीबाईंचा जन्म बजबजचा. वडील तिथल्या एका ज्यूटच्या गिरणीत इंजिनिअर होते. हलवा करायला आईने शिकवले ते गिरणीच्या क्वार्टरमागच्या ओसरीवर. परातीत खसखस किंवा तीळ घ्यायचे, खाली कोळशाची मंद आच, आणि साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब टाकत बोटांनी हलवत राहायचे. घाई केली की गोळा होतो. हवा थंड आणि कोरडी असेल तरच दाण्यावर काटा उभा राहतो. कलकत्त्यात मिठालाही पाणी सुटते. उत्तरेचा वारा वाहतो ते डिसेंबर-जानेवारीतले थोडेच दिवस हलव्याचे.

लग्नानंतर त्या लेक मार्केटजवळच्या घरात आल्या. यजमान दिगंबरराव रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. त्या स्वतः मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवत. दोघेही निवृत्त झाले, पण बोरन्हाणाचा उद्योग चालूच राहिला. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचे, डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि गोळ्या ओतायच्या आणि बाकीच्या मुलांनी त्या लुटायच्या. बोरे आणायला कालिंदीबाई सियालदहच्या घाऊक बाजारात जात, कारण बंगाली घरांत सरस्वतीपूजेआधी बोर तोंडात घालत नाहीत आणि जवळच्या बाजारात तोवर चांगली बोरे येतच नाहीत. वरच्या मजल्यावरची बुलू दरवर्षी बोरन्हाणाला यायची, फ्रॉकच्या ओच्यात सर्वांत जास्त बोरे जमवायची आणि एकही न खाता बरणीत भरून ठेवायची.

शहात्तर सालच्या डिसेंबरात त्यांची मुलगी स्मिता पर्थहून आली. पाच वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर, मनोहरबरोबर, ऑस्ट्रेलियाला गेली होती, आणि त्यानंतरची ही पहिलीच खेप. तिची मुलगी लीना तिकडेच जन्मली, आता चार वर्षांची. नाताळात तिकडे भर उन्हाळा. शाळांना मोठी सुट्टी, ऑफिसे ओस. मनोहरला सलग रजा मिळाली ती तेव्हाच.

दक्षिण गोलार्धात डिसेंबरमध्ये उन्हाळा असतो, हे कालिंदीबाईंनी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. पेपरात त्यावर प्रश्न घातला होता. पण टॅक्सीतून बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये नात उतरली आणि उन्हाने तिच्या खांद्यांची साले निघालेली दिसली, तेव्हा ते वाक्य त्यांना पहिल्यांदा खरे वाटले. त्यांनी आधी तिला दिगंबररावांच्या शालीत गुंडाळले, मग पापा घेतला.

पंचवीस डिसेंबरला सगळे बराकपूरला गेले. सियालदहला गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खे शहरच सहलीला निघाले होते. नदीकाठी चटया टाकल्या, पुरीभाजी, संत्री आणि न्यू मार्केटातला केक निघाला. लीना माकडटोपी घालून आजीला चिकटून बसली होती.

"आजी, हा ख्रिसमस चुकलाय," ती म्हणाली.

"तो कसा ग?"

"थंडी आहे. आणि कुणीच पाण्यात जात नाही."

"तुमच्याकडे जातात?"

"सगळे जातात. बीचवर. मग बाबाचं नाक लाल होतं."

मनोहर हसला. "खरं आहे, आई. बर्फाच्या पेटीत कलिंगड घालून सगळी कुटुंबं समुद्रावर. संध्याकाळी सात वाजता ऊन असतं."

"पहिल्या वर्षी मी पुरणपोळ्या नेल्या होत्या," स्मिता म्हणाली. "अर्ध्या वाळूत गेल्या, उरलेल्या समुद्रपक्ष्यांनी पळवल्या. मी रडत बसले, तर शेजारची बाई म्हणाली, 'यू शुड ब्रिंग सॅलड, लव्ह.'"

दिगंबरराव संत्रे सोलत होते. "म्हणजे तिकडे संक्रांतही उलटीच. इथे ऊब यावी म्हणून तीळ खायचे, तिथे घाम पुसत."

"संक्रांत उलटी होत नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "सूर्य एकच आहे. बरं स्मिता, लीनाच्या झबल्याचं काळं कापड मी आणून ठेवलंय. मुकुटाचं माप तेवढं घ्यायचं आहे. पुढच्या संक्रांतीला तिला पाच पूर्ण झालेली असणार. हे शेवटचं वर्ष."

स्मिताने मनोहरकडे पाहिले. मनोहरने नदीकडे.

"आई, आमची तिकिटं दहा तारखेची आहेत."

"तू जानेवारीच्या मध्यापर्यंत आहोत म्हणालीस."

"दहा म्हणजे साधारण मध्यच ना?"

"दहा म्हणजे मध्य नव्हे," कालिंदीबाई म्हणाल्या. शाळेत उत्तर चुकलेल्या मुलीला त्या याच आवाजात सांगत.

"तारीख बदलून मिळत नाही, मी विचारलं होतं," मनोहर म्हणाला. "रजा संपते."

"मग आजच करू या," स्मिता म्हणाली. "चुरमुरे आहेत, इतकी मुलं आहेत. कोण बघतंय?"

कालिंदीबाईंनी डबे आवरायला घेतले. परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. एकुलती एक नात, आणि साऱ्या गावाच्या मुलांना नटवणाऱ्या त्यांच्या हातून तिचे बोरन्हाण होणार नव्हते.

घरी आल्यावर दिगंबरराव म्हणाले, "नियम तुझा. तूच मोड."

"माझा नाही. आईचा आहे. मी पाळते."

"मग पाळू नकोस एक वर्ष."

"आणि सरलाला काय सांगू?"

"सरला काय परीक्षक आहे?"

"नाही हो. पण तिच्या मुलाला मी नाही म्हटलं. आता स्वतःच्या नातीला हो म्हणायचं?"

 दिगंबररावांनी रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी मनोहरने तोड काढली. दागिने बरोबर न्यायचे आणि चौदा तारखेला पर्थला बोरन्हाण करायचे. फक्त तिकडे विमानतळावर फळे आणि बी-बियाणे नेऊ देत नाहीत, तेव्हा बोरे नाहीत आणि तीळ-खसखसही नाही.

"बोरांशिवाय बोरन्हाण?" कालिंदीबाई म्हणाल्या.

"चेरी मिळतात, आई. हंगामच आहे," स्मिता म्हणाली. चेरी कालिंदीबाईंनी केकवरच पाहिली होती. त्या "बघू" म्हणाल्या, आणि त्यांच्या "बघू"चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता.

दुपारी बुलू खाली आली. आता ती अकरा-बारा वर्षांची झाली होती, पण बोरांची हाव तशीच होती. "दीदा, या वर्षी कुल कधी?" आजीला दीदा आणि बोरांना कुल म्हणत तिने बंगालीत विचारले.

"तुमची पूजा तर अजून लांब आहे."

"मग काय झालं? मी कुठे खाते? आधी घेऊन ठेवते. खाते पूजा झाल्यावर."

बुलू उड्या मारत वर गेली.  कालिंदीबाईंनी स्मिताला हाक मारली आणि डब्यात साबुदाणा किती आहे ते बघायला सांगितले.

"उपास आहे का?"

"हलवा साबुदाण्यावर करते. बी नाही, बियाणं नाही. दागिने आधी घेऊन जा. घालायचे चौदालाच."

"तिकडच्या उन्हात वितळले तर?"

"पर्थचा उन्हाळा कोरडा असतो. पाऊस हिवाळ्यात. साखर उन्हाला भीत नाही, दमटपणाला भिते." त्या उठल्या. "इतकी वर्षं काय शिकवलं मी?"

पण नेमके आभाळ आले. वारा दक्षिणेकडून यायला लागला, भिंतींना ओल सुटली. कालिंदीबाई सकाळी शेगडी पेटवून बसत आणि दुपारपर्यंत परातीत चकचकीत, गुळगुळीत गोळ्या तयार होत. काटा येईना. त्या गोळ्या लीना मुठीने खाई आणि "व्हेरी गुड, आजी" म्हणे. नवे वर्ष लागले तरी मुकुटाचा एक दाणा तयार नव्हता. स्मिता बाजारातले तयार दागिने मुंबईहून कोणाकडून तरी मागवू या म्हणाली. आईने ऐकले नाही असे दाखवले.

मग एका पहाटे दिगंबररावांचे गुडघे दुखले नाहीत. "वारा फिरला," ते अंथरुणातूनच म्हणाले. कालिंदीबाई तोवर शेगडीपाशी होत्या. त्या दिवशी दुसऱ्या पुटाला दाणे खरखरीत झाले, आणि पुढच्या दिवशी काटा उभा राहिला, पांढरा आणि बारीक. मनोहर परातीवर वाकून बघत राहिला. त्याने मदत करू का विचारले. "तुम्ही लीनाला घेऊन प्राणिसंग्रहालयात जा, मनोहरराव," त्या म्हणाल्या. "तीच मदत."

निघायच्या आदल्या दुपारी गच्चीवर ऊन होते. कालिंदीबाईंनी लीनाला काळे झबले घातले आणि एकेक दागिना चढवला. मुकुट, हार, वाक्या, बांगड्या, कंबरपट्टा. लीना हात लांब धरून ताठ उभी राहिली. तेवढ्यात जिन्यावरून सरला आली. स्मिताला निरोप द्यायला आली होती. तिने लीनाकडे पाहिले, मग कालिंदीबाईंकडे.

"अगबाई काकू, आज नऊच तारीख ना? की माझंच कॅलेंडर मागे आहे?"

"नऊच आहे."

"मग हे बोरन्हाण नव्हे?"

"नव्हे. माप बघतेय. शिंप्याकडे नाही का आपण कपडा घालून बघत?"

"असं होय," सरला म्हणाली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. जायचे नाव काढीना.

लीनाने गिरकी घेतली. हलवा खुळखुळला. स्मिता डोळे पुसत होती. पाटाशेजारी चुरमुऱ्यांचे ताट होते, लीनासाठी खायला ठेवलेले. कालिंदीबाईंची मूठ भरली आणि नातीच्या डोक्यापर्यंत वर गेली. सरला बघत होती. क्षणभराने मूठ खाली आली आणि लीनाच्या ओंजळीत रिकामी झाली.

"खा," कालिंदीबाई म्हणाल्या. "मुकुट जरा सैल आहे. दोरा आवळते."

मग त्यांनी सगळे दागिने उतरवले, कागदाच्या घड्यांत ठेवले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरले. झाकणाच्या कडेने मेण लावले.

फेब्रुवारीच्या शेवटी पर्थहून फोटो आला. वाळून पिवळ्या पडलेल्या गवतावर पाट म्हणून फळी, त्यावर अनवाणी लीना, काळे झबले, सगळे दागिने. वरून स्मिताचे हात आणि हवेतच टिपलेल्या चेऱ्या. खाली पोहण्याच्या कपड्यांतली शेजारची मुले गुडघ्यांवर बसून वेचत होती. मागे स्मिताने लिहिले होते की संध्याकाळी लीनाने अर्धा मुकुट खाल्ला. कालिंदीबाईंनी भिंग आणून फोटो नीट पाहिला.

"काय शोधतेस?" दिगंबररावांनी विचारले.

"काटा. आहे अजून."

पुढच्या वर्षी सरलाला मुलगी झाली. तिची पहिली संक्रांत पुन्हा नागपूरलाच. जानेवारीच्या सुरुवातीला सरला भीतभीत आली. या वेळी तिने काही मागितलेही नाही, बाळ दाखवायला आले म्हणाली. कालिंदीबाईंनी आतून दागिन्यांनी भरलेला तसाच एक पत्र्याचा डबा आणून तिच्यासमोर ठेवला.

"घालायचे संक्रांतीलाच," त्या म्हणाल्या. "तोवर फार तर मापापुरते."

सरलाने झाकण उघडून पाहिले आणि पुन्हा लावले. तिने बाळाचे टोपरे सारखे केले. मग म्हणाली, "काकू, आणि चहा?"

"चहा नाही मिळायचा," कालिंदीबाई म्हणाल्या. "दूध नासलंय."