मेहुणा उतरला आणि ट्रॅक्टर उठला

मला हे सांगायचंच नव्हतं. पण तुम्ही चहा पाजून बसवलंत, आणि तिकडं आमचा मेहुणा सोपान तिखटमीठ लावून सांगत फिरतोय. मग खरं काय ते माझ्याकडून ऐका. मधे बोलू नका.

देवळाली प्रवऱ्याजवळ आमचा ऊस. तोड चालू होती, मोठा ट्रॅक्टर नवाच घेतलेला. पोरानं बजावलं होतं, पुढं लोखंडी वजनं बसवल्याशिवाय भरलेली ट्रॉली पाटाच्या चढावर ओढू नका, मागून ओढ बसली की ट्रॅक्टर तोंड उचलतो. मी म्हणालो, लोखंड विकत कशाला? मेहुणा पाहुणा आलाय, चांगला क्विंटलभराचा. त्यालाच बसवतो पुढं!

बसवला की. बंपरवर पोतं टाकून. पहिली खेप चढली, दुसरी चढली. ट्रॅक्टर गाईसारखा गरीब.

पण हा माणूस माझ्या डोक्यावर चढला ना! दुसऱ्या खेपेला चहा मागितला. तिसऱ्या खेपेला पोत्याऐवजी गादी. दिली मी, काय करता? वर पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी उभी, तिच्यासमोर म्हणतो कसा, "दाजी, ह्यो ट्रॅक्टर तुमी न्हाई चालवत. मी हाय म्हनून चालतोय."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझं टाळकं फिरलं. चाळीस वर्षं ट्रॅक्टर हाकतोय मी! चढाच्या पायथ्याशी थांबलो.

"उतरा पाव्हनं."

"दाजी, पोरगं काय म्हनलं हुतं..."

"उतरा म्हनलं ना. बघू कुनामुळं चालतोय."

उतरला. गादीही घेऊन गेला.

मी क्लच सोडला. चार हात गेलो असेन, तर समोरचा रस्ताच गायब. नुसतं आभाळ! पुढची चाकं हवेत, वरातीतल्या घोड्यासारखा ट्रॅक्टर मागच्या पायांवर, आणि उजव्या हाताला तुडुंब भरलेला पाट. मला पोहता येत नाही हे मी जन्मात कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या घडीला मोठ्यानं सांगितलं. सगळ्या टोळीला.

खालून मेहुणा ओरडला, "दाजी, क्लच दाबा, क्लच!"

दाबला. धाडकन तोंड खाली आलं. माझी कवळी उडून बॉनेटवर. पण मी जागेवर, ट्रॅक्टर शाबूत, उसाचं टिपरूही पडलं नाही. इतकं हायसं वाटलं की खाली उतरून चाकालाच हात जोडले.

आता पुढं लोखंडी वजनं बसवलीत. ती चहा मागत नाहीत.

राहिली ती मेहुण्याला माझ्याकडून हवी असलेली माफी. 'उतरा' मीच म्हणालो होतो, कबूल. दोनदा म्हणालो, तेही कबूल. पण म्हणून लगेच उतरायचं? उभ्या जन्मात माझं कधी ऐकलं नाही, ते नेमकं त्याच दिवशी ऐकायचं? माफी त्यानंच मागायची. त्या सोपानानं.