मधात काय आहे, सांग

ताई संगणकासमोर कधी सरळ बसल्या नाहीत. स्कूटरवर मागे बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, तशा त्या खुर्चीत वळून बसत. पडद्याकडे खांदा, चेहरा खिडकीकडे, आणि बोटं मात्र कीबोर्डवर. कोणी टोकलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी काय त्याची नवरी आहो, तोंडासमोर तोंड करून बसाले?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची एखादी लकब रोज दिसते, पहिल्या आठवड्यात आपण तिला हसतो, आणि पुढे ती आपल्याला दिसेनाशी होते. ताईंच्या बसण्याचं आमच्याकडे तसंच झालं होतं.

नागपूरच्या धरमपेठेत पहिल्या मजल्यावर आमचं टायपिंग आणि डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. लग्नपत्रिका, बौद्ध लग्नांच्या मंगल परिणयाच्या पत्रिका, शिकवणी वर्गांचे पेपर, तेरवीची कार्डं. ताई तिथल्या सर्वांत जुन्या ऑपरेटर. मी रामटेककडच्या खेड्यातला. जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याचं कॉलेज. घरात पदवी घेणारा मी पहिला. मुलाखतीत मालकांनी विचारलं, मराठी टायपिंग येतं का? येत नव्हतं. तसं सांगून मी उठलो, तर खिडकीकडे तोंड करून बसलेल्या एक बाई न वळताच बोलल्या, "राहू द्या त्याले. खोटं नाही बोलला, तं टायपिंगही शिकन."

त्या वाक्यावर मला नोकरी लागली. पुढे ताईंनीच शिकवलं. जोडाक्षर अडलं की माझी नजर पडद्यावर जायची, आणि त्यांना ते कसं कोण जाणे कळायचं. "वर काय पाहून राहिला? बोटाले पाहू दे ना," असं म्हणून त्या माझी बोटं उचलून जागेवर ठेवत, आई लहान पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घेते तशी.

गेल्या उन्हाळ्यात मालकांनी सगळे संगणक बदलले. जुन्यांना कंपनीकडून सुधारणा मिळणं बंद होणार होतं. नव्यांवर प्रणालीचं नवं रूप होतं, आणि मी पहिल्याच सकाळी त्याच्यात हरवून गेलो. खिडक्यांचे टोकदार कोपरे गोल झाले होते. एका खिडकीमागून दुसरीचा रंग अंधूक झिरपत होता, जणू मधे कोणी ओली काच धरली आहे. सगळं हळू उघडत होतं, हळू मिटत होतं. एक-दोन गोष्टी खटकल्याही. माउसचं उजवं बटण दाबलं की रोजच्या कामाच्या निम्म्या गोष्टी आणखी एका दाराआड गेलेल्या. पण एकंदरीत मला ते फार आवडलं. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे, वर्षानुवर्षं डाव्या खालच्या कोपऱ्यात असलेलं सुरुवातीचं बटण आपल्या सगळ्या चिन्हांसकट पडद्याच्या तळाशी मधोमध येऊन बसलं होतं.

डाव्या कोपऱ्यात आता हवामान होतं. ताईंनी सवयीने तिथे क्लिक केलं, तर मोठा पडदा उघडला आणि त्यावर सूर्य. त्यांनी तो बंद केला, पुन्हा क्लिक केलं, पुन्हा सूर्य.

"मले पत्रिका पाहिजे, अन हे ऊन दाखवून राहिलं," त्या म्हणाल्या. "नागपूरले ऊन आहे हे सांगाले मशीन कायले लागते? बाहेर उभं राहा ना गा दोन मिनिटं."

सगळे पोट धरून हसले. ताईही हसल्या. दुपारी पुन्हा सूर्य निघाला तेव्हा मात्र थोडेच हसले, आणि संध्याकाळी कोणीच नाही. त्या आठवड्यात ताईंचं काम रेंगाळत गेलं. एका मुलीचे वडील पत्रिकेसाठी दोनदा जिने चढून रिकामे परतले. मालक माणूस चांगला, पण त्यांचाही धंदा होता. बाईंना आता काउंटरवर बसवावं, आलेल्या माणसाशी बोलतील, असं ते आम्हाला म्हणाले. ताईंना त्यांनी समजावून सांगितलं की जुनी सवय सोडा, बटण कुठे लपलेलं नाही, अगदी डोळ्यांसमोर आहे.

"डोळ्यासमोर आहे म्हणूनच तं," ताई म्हणाल्या.

आम्हाला तो त्यांचा नेहमीचा तिरकसपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी सगळे खाली तर्री-पोहे खायला गेले असताना त्यांनी मला थांबवलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. पंखा फिरत होता, आणि उन्हामुळे खिडकीचा हिरवा पडदा पाण्यासारखा चमकत होता.

"मधात काय आहे, सांग."

मी पडद्याच्या तळाशी मधोमध पाहून म्हटलं, बटण आहे, निळं. शेजारी फोल्डर, मग आपलं टायपिंगचं.

"मले तिथं काहीच दिसत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, पत्रिकेचा मजकूर वाचून दाखवावा इतक्या सहज. दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा मधला भाग हळूहळू विझत चालला होता. कडा शाबूत होत्या. ज्या वस्तूकडे सरळ पाहावं ती नाहीशी व्हायची, आणि नजर बाजूला नेली की ती कडेने परत यायची. डॉक्टर म्हणाले होते, इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. म्हणून त्या तशा बसत. अक्षरं भलीमोठी करून कडेने तपासत, प्रूफ वाचायला मी होतोच, आणि डावा कोपरा त्यांच्या हाताला पाठ होता. माउस खाली डावीकडे लोटत न्यायचा, जिथे पुढे जाणं थांबतं तिथे दाबायचं. मधोमध असं थांबायला काही नव्हतं.

"तुह्याकडं सरळ पाह्यलं तं तुले तोंडच नाही," त्या म्हणाल्या. "कान तेवढे दिसतात. चांगले मोठे आहेत."

माझा हात कानांकडे गेला. मालकांना सांगू या का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली.

"सांगीन. पण मी सांगीन, माह्या येळेवर. या खुर्चीतून मी माह्या मनानं उठीन गा. एका बटणानं नाही उठवावं मले."

मी सेटिंग्ज उघडली. शोधत शोधत ती जागा सापडली, जिथे मध्य किंवा डावीकडे असं निवडता येतं. डावीकडे निवडलं. चिन्हांची ती रांग तरंगत गेल्यासारखी कोपऱ्यात जाऊन थांबली. हवामानही बंद करून टाकलं. ताईंनी माउस लोटत नेला, थांबला तिथे दाबलं. यादी उघडली. त्यांनी दोनतीनदा उघडून मिटून पाहिली. मग खुर्चीच्या पाठीला टेकल्या आणि म्हणाल्या की सगळे इतके दिवस सुंदर सुंदर म्हणताहेत, तर ते आहे तरी कसं ते सांग. खोटं नको, वाढवून नको.

मी सांगायला लागलो. काचेचा पेला वर्तमानपत्रावर ठेवला की खालची अक्षरं जशी हलतात, तसं मागचं पुढे दिसतं. पडद्यामागच्या चित्रातला निळा रंग एका फुलासारखा आहे, पण पाकळ्या कापडाच्या घडीसारख्या. कोपरे साबणाची वडी वापरून झिजते तसे. आणि खिडकी मिटते तेव्हा आमच्याकडे धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर, सकाळी धुकं असतं, ते उन्हाने एका बाजूने उचललं जातं ना, तशी मिटते.

ताई डोळे मिटून ऐकत होत्या. "बरं आहे तं," त्या म्हणाल्या. "कोणीतरी मन लावून केलं आहे." मग म्हणाल्या, "त्याच्या वळखीत कोणी मधातून आंधळं होत नसन, म्हणून त्याले सुचलं नसन. त्याचा राग नाही."

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत आमचा एक क्रम लागून गेला. संगणक उघडण्याआधी पडद्यावर एक फोटो येतो, कुठलातरी दूरचा डोंगर, कुठलं तळं. ताई डबा उघडत आणि विचारत, आज कुठं नेऊन राहिलं? मी बघून सांगायचो. बर्फाच्या कड्यावर उभी एकटी बकरी. जांभळ्या फुलांचं शेत. एकदा समुद्र आला. मी लाटांबद्दल बराच वेळ बोललो, आवाजाबद्दलही. ताईंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं की समुद्र पाहिलाय का कधी? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मीही नाही, चालू दे. आणि धरमपेठेच्या त्या खोलीत आम्ही दोघं जेवण संपेपर्यंत किनाऱ्यावर बसून होतो. खाली हॉर्न वाजत होते, ते मला जहाजांचे वाटत होते.

थंडी पडली तेव्हा नजरेच्या कडाही पुसट होऊ लागल्या असाव्यात. मोठ्या केलेल्या अक्षरांतल्या वेलांट्या त्या बोटाने काचेवर चाचपून पाहू लागल्या. एका सोमवारी त्या स्वतःच मालकांच्या टेबलाशी गेल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मालक उभे राहिलेले दिसले. त्यांनी काउंटरची जागा पुन्हा देऊ केली, ताईंनी नको म्हटलं. भंडाऱ्याला धाकटी बहीण आहे, तिच्या अंगणात बसायला जागा पुष्कळ, असं त्या नंतर आम्हाला म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी हातातली पत्रिका त्यांनी पूर्ण केली. कुण्या तुमसरच्या नवरा-नवरीची होती. मी प्रूफ वाचलं, एकही चूक नव्हती. मग त्यांनी मला बोलावलं.

"आता मधात करून टाक ते."

मी म्हटलं, राहू द्या ना ताई, तुमची आठवण म्हणून.

"येड्यासारखं नको करू. पुढं इथं कोणी नवं बसन. त्याले माह्या कोपऱ्याचा तरास कायले?"

मी सेटिंग्जमधली ती जागा उघडली आणि मध्य निवडायला पुन्हा हात नेला, तर त्यांनी माउस माझ्याआधी धरला. कुठे न्यायचं तेवढं सांग, म्हणाल्या. मी सांगत गेलो. थोडं वर. उजवीकडे. अजून जरा. आता दाबा. रांग कोपऱ्यातून निघाली आणि मधोमध जाऊन थांबली.

"गेलं?"

"गेलं."

"तिथं आहे ना बरोबर?"

"आहे, ताई."

"झालं तं मंग," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची मागे सरकवून उठल्या.